एक काना कमी

आमच्या गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही. एकदा मी त्या गावाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्या चार ओळींनी जे व्हायचं ते करून ठेवलं, तेव्हा आता पुन्हा माझ्या हातून काही नको. एवढं सांगते की ते मोर्शीच्या बाजूला आहे, भोवती संत्र्याचे बगीचे आहेत आणि चैत्र लागला की दुपारी बारा ते चार तिथं कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. पूर्वी त्या गावाला कुणी मुद्दाम येत नसे. आता ते म्हणे पर्यटनस्थळ झालंय. रविवारी अमरावतीहून पोट्टे एकेका गाडीवर तिघं-तिघं बसून येतात, केस सारखे करतात, पायऱ्यांवर पाठमोरे चालतात आणि ते सगळं मोबाइलमध्ये भरून घेऊन जातात. परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं मला असलंच एक चित्र पाठवलं. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'आपली शान, खालची बावडी'. मी मोबाइल उपडा ठेवला आणि चहा टाकला. चहाकडे लक्ष राहिलं नाही, तो उतू गेला. मग शेगडी पुसत पुसत ठरवलं, की हे आता लिहून टाकायचं.

आमचं घर गावाच्या उताराला, अगदी शेवटचं. मागच्या अंगणाची भिंत संपली की बावडीचं आवार सुरू व्हायचं. पुण्याकडे जिला बारव म्हणतात, ती आमच्याकडे बावडी. काळ्या दगडाची, सहा मजले खोल, चहूबाजूंनी पायऱ्या, पायऱ्यांच्या कडेनं कोनाडे आणि कोनाड्यांत पारवे. पहाटे जाग यायची ती त्या पारव्यांच्या घुमण्यानं, आणि मागोमाग दगडावर तांब्याचे गुंड टेकल्याचा आवाज. बाया पाण्याला उतरल्या की त्यांचं बोलणं खालून वर येताना असं काही घुमायचं, की कोण काय बोललं ते कळायचं नाही, पण कोण हसलं ते बरोबर कळायचं. माझी माय चुलीपुढे भाकरी थापता थापता सांगायची, "हे पाय, हे देशमुखाची सून हासली." उन्हाळ्यात माय दुपारच्या जेवणाला कढीगोळे करायची आणि कढीचं भगुणं बावडीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कोनाड्यात नेऊन ठेवायची, कारण तिथं गारवा. आमच्या घरी कूलर आला तेव्हा मी नववीत होते, आणि कूलरपुढे बसूनही बाबा म्हणायचे, "बावडीच्या हवेची सर नाई बाप्पा याले."

त्या बावडीचं खरं नाव खालाची बावडी. खाला म्हणजे मावशी. सांगायचे ते असं, की फार पूर्वी कुणी एक सुभेदार होता, त्याला आईमागं त्याच्या खालानं वाढवलं. तो मोठा झाला, हत्तीवरून गावात आला आणि तिला म्हणाला, खाला, माग काय मागायचं ते. ती म्हणाली, "मले काय करायचं? या गावाले पानी दे." मग त्यानं ही बावडी बांधली आणि खालाला तिच्या तोंडाशी एक कोठडी बांधून दिली, पाण्याकडे बघायला. खरं किती, खोटं किती, देव जाणे. सुभेदाराचं नाव कुणाला आठवत नव्हतं. खालाचंही नाव आठवत नव्हतं, पण तिच्या घराण्यातली एक बाई पिढ्यान्‌पिढ्या त्या कोठडीत राहत आली, पायऱ्या झाडत आली, आणि जी कोणी राहील तिला अख्खं गाव खाला म्हणत आलं. बाप्यापासून लेकरापर्यंत सगळे. नव्वद वर्षांचे पाटीलसुद्धा पन्नास वर्षांच्या बाईला खालाच म्हणायचे.

माझ्या लहानपणी ही खाला म्हणजे हमीदा खाला. ठेंगणी, काळीसावळी, कानात चांदीच्या बाळ्या, ओढणी कमरेला खोचलेली आणि हातात झाडायचा शिंदीचा फडा. भल्ली तोंडाळ बाई. पाण्यात कुणी चूळ भरली तर तिथून जी सुरू व्हायची ती तो माणूस घरी पोचेपर्यंत थांबायची नाही. मुलं-बाळं नव्हती, नवरा गेलेला. धामणगाव रेल्वेला एक भाचा होता, तो शिलाईचं काम करायचा आणि ईदेला येऊन जायचा. मायचं आणि तिचं मेतकूट असं, की आमच्या भिंतीचा एक दगड दोघींनी मिळून काढून ठेवला होता. त्या भगदाडातून आमच्याकडची आंबाडीची भाजी तिकडे जायची आणि तिकडचा मलिदा इकडे यायचा. पोळी कुस्करून गूळ-तूप घातलेला तो मलिदा मी उभ्या उभ्या खाऊन वाटी परत भिंतीत ठेवायची. माय ओरडायची, "अवं, रिकामी वाटी देतात काय कोनाले?" मग मी धावत जाऊन त्यात दोन संत्री टाकायची.

बावडीचा एक रिवाज होता. पहिल्यांदा येणाऱ्यानं तसंच पाणी घ्यायचं नाही. वरच्या पायरीवर उभं राहायचं, हाक द्यायची, "खाला, पानी दे!" आणि खालून त्याच हाकेचं शेपूट परत यायचं: "...दे!" मग उतरायचं. गावात नवीन सून आली की तिसऱ्या दिवशी तिला गुंड घेऊन आणत. ती बिचारी डोक्यावरचा पदर सावरत अशी काही हळू बोलायची की बावडीला ऐकूच जायचं नाही, आणि बाया हसून हसून लोळायच्या. हमीदा खाला त्या सुनेच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "जोरानं बोल वं बेटा. सासरी राह्यचं हाये तुले." शाळेच्या सहली यायच्या, त्या मास्तरांनाही ती सोडायची नाही. टाय लावलेला हेडमास्तर वरच्या पायरीवर उभा राहून खाला पानी दे म्हणून ओरडतोय, हे मी या डोळ्यांनी बघितलंय. तिचं म्हणणं एकच असायचं. "माह्यापाशी कागद नाई, पत्तर नाई. हे नाव हायेना, हाच माहा कागद. जोवर लोकं हाक मारून राह्यले, तोवर मले अठून कोनी उठवत नाई."

आता माझ्याबद्दल. मी हुशार होते, आणि मी हुशार आहे हे मला जरा जास्तच लवकर कळलं. अक्षर मोत्यासारखं. शाळेतले फळ्यावरचे सुविचार मीच लिहायची. दहावीत मला वक्तृत्व स्पर्धेसाठी अमरावतीला नेलं. पाठांतर चोख होतं, आवाज चांगला होता, भाषण अर्ध्यावर गेलं आणि मी इतकी रंगले की पाठ केलेलं सोडून मनचंच बोलायला लागले. "मले असं वाटते," मी म्हणाले. सभागृह हसलं. वाईट नाही हसलं हो, कौतुकानंच हसलं. पण परीक्षक बाईंनी नंतर माझ्या गालावर चापटी मारून सांगितलं, "बाळ, इतकं छान बोलतेस, तेवढं 'मले-तुले' शुद्ध करून घे." मला कुठलंच बक्षीस मिळालं नाही. परतीच्या एसटीत मी खिडकीला तोंड लावून रडत होते आणि बाबा शेंगदाणे सोलून माझ्या हातात ठेवत होते. "काहून रडतं वं? चांगलंच तर बोलली." ते 'काहून' कानावर आलं आणि मी त्यांच्यावर खेकसले, "बाबा, काहून नाही, का!" बाबा शेंगदाणे सोलत राहिले.

त्या दिवसापासून मी शुद्ध झाले. घरात कुणी 'तठी' म्हटलं की मी 'तिथे' म्हणायची. मायला पाणी 'पानी' म्हणू द्यायची नाही. माय एकदा इतकी वैतागली की पोळपाट आपटून म्हणाली, "इंदे, आता तूच बोलत जाय आमच्या वाटचं, आमी मुके होतो." आज मी हसते, पण तेव्हा मला ती अडाणी वाटली होती. पुढे चौतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, हजारो वह्यांत तांबड्या शाईनं काना-मात्रा सुधारल्या. त्या सगळ्याची सुरुवात त्या एसटीत झाली असं मी मानते.

त्याच उन्हाळ्यात साहेब आले. पुरातन वास्तूंची यादी करणारं कुठलंसं खातं होतं, त्यातले. पुण्याचे, वयस्कर, गोरे, डोक्यावर टोपी, खांद्याला झोळी, झोळीत मोजायची टेप. फार सज्जन माणूस होता, हे आधीच सांगते. पुढं जे झालं त्यात त्यांचा दोष मला काढता येत नाही, काढून बघितलाय. बाबा तेव्हा पंचायतीत होते आणि कूलर आमच्याकडे होता, म्हणून साहेब तीन दिवस आमच्याकडे उतरले. माय त्यांच्यासाठी वाकून वाकून रांधायची, आणि ते प्रत्येक घासाला "वा" म्हणायचे. ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी आलं तरी वा. सकाळ-संध्याकाळ बावडीची मापं घ्यायचे, टेपचं दुसरं टोक मी धरायची. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "तुझी भाषा किती स्वच्छ आहे गं! तू इथली वाटत नाहीस." बाई गं, काय सांगू! मला कुणी जरीचं पातळ दिलं असतं तरी इतका आनंद झाला नसता. तीन दिवस ते एक वाक्य मी मनातल्या मनात घोळवत होते.

हमीदा खाला त्या दिवसांत नेमकी धामणगावला गेली होती, भाच्याच्या मुलाचं बारसं की काय होतं. ती असती तर साहेबांना वरच्या पायरीवर उभं करून हाक मारायला लावली असती आणि सगळं तिथंच निभावलं असतं. पण ती नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब वही घेऊन कूलरपुढे बसले. "या बारवेचं नाव काय म्हणालात?" त्यांनी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "खालाची बावडी." तेवढ्यात बगीच्यातून माणूस आला, मोटर बंद पडली होती, ओलीत राहिलं होतं, बाबा तसेच उठून गेले. साहेब पेन गालाला लावून विचार करत बसले. मग त्यांचा चेहरा उजळला. "खालाची! म्हणजे खालची. गावाच्या खालच्या अंगाला आहे ना! तुमच्याकडे स्वर असे लांबवतात. गंमत आहे." आणि माझ्याकडे बघून, खात्री करून घ्यायला, "खालचीच ना?"

बोलायला क्षणभर पुरे होता. "नाही सर, खाला म्हणजे मावशी." पाच शब्द. मला येत होते ते सगळे, आणि शुद्ध येत होते. पण समोर तो माणूस होता ज्यानं मला 'इथली वाटत नाहीस' म्हटलं होतं. त्याला चूक दाखवायची, आणि दाखवताना आपण इथलेच आहोत हे कबूल करायचं! आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला हात अडतो, पण लिहिते. तो शब्द मराठी नव्हता. माझ्या मनात कुणाबद्दल काही नव्हतं, मी खालाच्या हातचं खाऊन वाढले होते. पण शुद्ध व्हायचं म्हणजे जे जे आपलं वाटत नाही ते खरवडून काढायचं, अशी काहीशी माझी समजूत झाली होती, आणि 'खाला' त्यात बसत नव्हतं. साहेबांच्या तोंडचं 'खालची' किती स्वच्छ वाटलं! मी म्हणाले, "हो सर. खालचीच. लोक अशुद्ध बोलतात." साहेब खूश झाले. म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, स्थानिक माहितीचा कागद तूच पक्का करून दे. मी तो लिहिला. 'खालची बावडी. गावाच्या खालच्या अंगास असल्यामुळे हे नाव पडले.' खाली माहिती देणारा म्हणून माझी सही, वळणदार, शेवटच्या अक्षराला शेपटी काढलेली.

वर्षभरानं बोर्ड आला. निळा, पांढऱ्या अक्षरांचा, लोखंडी खांबावर. बाबांनी वाचला आणि म्हणाले, "हे काय लिवलं? काना खाल्ला की यायनं." मी म्हणाले, "साहेबांनीच लिहिलंय, त्यांना जास्त कळतं." बाबा हसले. "सरकारी काम. जाऊ दे. खालची म्हना का खालाची, पानी तेच हाये." गावातही लोक दोन दिवस हसले आणि विसरले. एका अक्षरासाठी कोण अमरावतीला खेटे घालणार?

हमीदा खालाला मराठी वाचता येत नव्हतं. तिला थोडं अरबी यायचं, कुराणापुरतं. बोर्ड लागला त्या संध्याकाळी तिनं मला भिंतीच्या भगदाडातून हाक मारली. "इंदू, ये बरं इकडे. काय लिवलं वाचून दाखव मले." मी गेले. ती ओढणीनं बोर्डाचा खांब पुसत उभी होती, नवीन लग्न झालेल्या पोरीसारखी लाजत होती. मी बोर्डाकडे बघितलं आणि तिच्याकडे बघितलं. आणि मी वाचलं, "खालाची बावडी." मोठ्यानं, स्पष्ट, काना लावून. तिनं दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. "आता झाला माहा कागद," ती म्हणाली. "लोखंडाचा झाला." त्या रात्री भिंतीतून मलिद्याची वाटी आली, नेहमीपेक्षा मोठी. मी भूक नाही म्हणाले, तर मायनं कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

नंतर कुणी कुणी तिला सांगितलंच. हसत हसत सांगितलं, की खाला, बोर्डावर तुझं नाव नाहीच. तिनं कुणाचंच ऐकलं नाही. "चाल हट. माह्या इंदूनं वाचून दाखवलं मले," ती म्हणायची. आणि मी ते ऐकायची. खरं सांगायला मला पुढची दोन-अडीच वर्षं मिळाली होती, रोज एक या हिशेबानं किती संधी होतात ते वाचणाऱ्यानं बघावं.

मी कॉलेजला अमरावतीला आले, मुलींच्या वसतिगृहात राहिले. दुसऱ्या वर्षाला असताना बावडीला कुंपण पडणार अशी बातमी आली. सुशोभीकरण. फाटक, तिकीट, बसायला बाकडी. आणि आवारातलं अतिक्रमण काढायचं. अतिक्रमण म्हणजे कोठडी. एका सकाळी वसतिगृहाच्या शिपाईबाईनं सांगितलं, की तुमच्या गावाकडून कुणी आलंय. फाटकात हमीदा खाला. बुरखा घातलेला, तो मी तिच्या अंगावर कधी बघितलाच नव्हता, म्हणून आधी ओळखलंच नाही. हातात कापडात बांधलेला डबा. "चाल बेटा," ती म्हणाली. "साहेबाच्या हापिसात जाऊन येऊ. ते म्हन्तात तुमचा काय संबंध. म्या म्हटलं, बोर्ड वाचा ना, नावच लिवलं हाये. तू चाल माह्यासंगं. तू वाचतं तसं वाचून दाखव त्यायले."

मी तिच्याबरोबर गेले असते तर मला हापिसातल्या त्या साहेबापुढे सांगावं लागलं असतं, की बोर्डावर ते नाही, आणि का नाही. मी म्हणाले, "खाला, माझा पेपर आहे." तेव्हा माझा पेपर नव्हता. ती म्हणाली, "पेपर हाये? मंग जाय, जाय, पेपर नको सोडू." डबा माझ्या हातात दिला आणि ऑटोवाल्याशी हुज्जत घालत निघून गेली. मी खोलीत जाऊन दार लावून बसले. डब्यात मलिदा होता.

संध्याकाळी ती पुन्हा आली. मी खाली उतरले तेव्हा ती फाटकाच्या कट्ट्यावर बसली होती, चपला काढून शेजारी ठेवलेल्या. हापिसातल्या कुणीतरी तिला अक्षर अन्‌ अक्षर वाचून दाखवलं होतं, बोर्डाचा फोटो फायलीत होता. मी तिच्या समोर उभी राहिले. आता ती काय म्हणेल ते म्हणू दे, असं मी मनाशी म्हणत होते. तिनं माझा हात धरला. "तुनं बरोबर वाचलं होतं, बेटा," ती म्हणाली. "म्या त्यायले सांगतलं, माही पोरगी खोटं नाई वाचनार. नंतर कोनी तरी बदलवलं ते." आणि मग चपला पायात सरकवत, "पेपर चांगला गेला ना?"

मी हो म्हणाले.

पावसाळ्याआधी कोठडी पाडली. तिचा भाचा येऊन तिला धामणगावला घेऊन गेला. जाताना तिनं भिंतीतल्या भगदाडात तो दगड परत बसवून दिला, असं मायनं मला सांगितलं, आणि सांगताना माय पदर तोंडाला लावून रडली. पुढे माझी नोकरी, लग्न, मुलं. वर्ध्याकडे जाताना धामणगाव लागायचं, गाडी दोन मिनिटं थांबायची, आणि दरवेळी मी खिडकीतून फलाटाकडे बघायची आणि म्हणायची, पुढच्या वेळी उतरू. ती गेल्याचं मला सहा महिन्यांनी कळलं. तिथं तिला कुणी खाला म्हणत नसेल, हमीदाबी म्हणत असतील. हा विचार मला आजही सहन होत नाही.

आणि गाव तर बघा कसं! खालची आहे म्हटल्यावर येणारे-जाणारे विचारायला लागले, की मग वरची कुठं आहे? आधी लोक म्हणायचे, वरची नाही. पण पाहुण्याला नाही म्हणायचं जिवावर येतं आमच्या लोकांच्या. मग कुणीतरी टेकाडावरची जुनी चुन्याची भट्टी दाखवून दिली. आज तिलाही कुंपण आहे, तिथंही बोर्ड आहे, 'वरची बावडी'. तीत कधी थेंबभर पाणी नव्हतं. लोक तिच्यापुढेही उभे राहून फोटो काढतात. माझी चूक एवढी वाढली की तिला एक बहीण झाली.

ते चित्र आलं त्याच आठवड्यात मी अर्ज लिहिला. चांगला दोन पानी, नाव दुरुस्त करण्याबाबत. घेऊन हापिसात गेले. टेबलाशी तरुण मुलगी होती, अदबीनं बोलणारी, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. अर्ज वाचून म्हणाली, "मॅडम, जुनी फाइल बघावी लागेल," आणि कॉम्प्युटरवर काहीतरी शोधून पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा, तुमच्या गावच्या माणसानंच लिहून दिलंय. सहीसुद्धा आहे." पिवळा पडलेला कागद. मोत्यासारखं अक्षर. शेवटच्या अक्षराला शेपटी. मी म्हणाले, "ती सही माझी आहे." तिनं पडद्याकडे बघितलं, अर्जाखालच्या सहीकडे बघितलं. शेपटी अजून तशीच काढते मी. ती गोंधळली, बिचारी. "मॅडम, दोन्ही तुम्हीच लिहिलंय. मग आम्ही खरं कुठलं धरायचं?" तिनं खरंच विचारलं, टोमणा नव्हता. "दुसरा काही पुरावा आहे? कुणी साक्षीदार?" बाबा, माय, खाला, ते साहेब, एकेकाचा चेहरा समोर आला. एकही जण हयात नव्हता.

तिथून मी तशीच गावाला गेले. बावडीचं तिकीट काढलं. बोर्ड आता नवा आहे, चकचकीत, पण मजकूर तोच. माझ्या पर्समध्ये तांबडं पेन असतं, निवृत्त झाले तरी सवय जात नाही. मी चवड्यांवर उभी राहिले आणि 'खालची'मधल्या 'ल'पुढे एक काना काढला. चकचकीत पत्र्यावर तो नीट उमटलाही नाही. फाटकावर खाकी साडीतली एक बाई बसलेली असते, पन्नाशीची, आमच्या गावात सून म्हणून आलेली. ती धावत आली. "ओ बाई, काय करून राह्यल्या? बोर्डाले हात नाई लावाचा." आणि तिनं ओल्या बोटानं तो काना पुसून टाकला. मग वाकून बघत म्हणाली, "काय लिवत होत्या?"

"खालाची," मी म्हणाले. "खालाची बावडी."

"कोन खाला?"

मी बाकड्यावर बसले आणि तिला सगळं सांगितलं. सुभेदार, फडा, सुनांची हाक, कूलरपुढचे साहेब, भिंतीतली वाटी, वसतिगृहाचं फाटक. सांगता सांगता कधी 'मले' आलं, कधी 'काहून' आलं, मी काही सुधारलं नाही. ती बाई हातातली काठी मांडीवर आडवी ठेवून ऐकत होती, मधे मधे "हाव" म्हणत होती. माझं सांगून झालं. मग माझ्याकडे वळून, रागानं नाही, आपलं साधं विचारावं तसं तिनं विचारलं,

"मंग बाई, तवाच काहून नाई सांगतलं तुमी?"

शुद्ध मराठीत याचं काहीतरी उत्तर मला देता आलं असतं. तिच्या भाषेत मला ते देता आलं नाही.